बेवारशी डबा

रानांत लपविलेले डबे हुडकण्याचें एक शास्त्र आहे, आणि त्या शास्त्रांत आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव हे आमचे गुरु होत. दीक्षा घेतली तेव्हां गुरूंचें वय बारा होतें व शिष्याचें छप्पन. तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवून आम्हांस जी कांहीं प्रौढी आली होती, ती उतरण्यास एक सकाळ पुरली. २०२४ च्या मे महिन्यांत परीक्षांचीं कामें आटोपून आम्ही सहकुटुंब बंधूंकडे, अमेरिकेंतील ऑरेगॉन संस्थानांत पोर्टलंड शहरीं, गेलों होतों. दुसऱ्याच दिवशीं चिरंजीवांनीं विचारलें, "काका, कॅश शोधायला येतां का?" कॅश म्हणजे रोकड, एवढाच अर्थ आम्हांस ठाऊक. सकाळच्या प्रहरीं रोकड शोधावयास नाहीं म्हणणारा प्राध्यापक अद्यापि जन्मास यावयाचा आहे. आम्हीं तत्काळ बूट चढविले.

वाटेंत उलगडा झाला, कीं ही कॅश निराळी. हा शब्द मूळचा फ्रेंच. लपविणें ह्या अर्थाच्या क्रियापदापासून निघालेला. उत्तर अमेरिकेच्या रानांत हिंडणारे जुने फांसेपारधी परतीच्या वाटेसाठीं शिधा व सामान दडवून ठेवीत. त्या ठेव्यास हें नांव होतें. त्यावरूनच जिओकॅचिंग ह्या खेळाचें नांव पडलें. एकानें रानांत, बागेंत वा पुलाखालीं एखादा डबा लपवावा. त्यांत एक वही व चार फुटकळ वस्तु ठेवाव्या. जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करावे. इतरांनीं उपग्रहांवरून स्थान दाखविणारें यंत्र घेऊन तेथवर जावें, डबा हुडकावा, वहींत नांव घालावें, वाटल्यास एक वस्तु घ्यावी व तिच्या तोलाची दुसरी ठेवावी, आणि डबा होता तसा लपवून परत यावें. एवढाच हा खेळ. हा नियम ऐकतांना आम्ही थोडे दचकलों. त्याचें कारण पुढें येईल.

ह्या खेळाची जन्मतिथि पंचांग न पाहतां सांगतां येते. उपग्रहांच्या संकेतांत अमेरिकेचें लष्कर पूर्वीं बुद्ध्या चूक मिसळीत असे. त्यामुळें सामान्य माणसाच्या यंत्रांत शंभर मीटरांपर्यंतचा फरक पडे. १ मे २००० रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं ही मिसळ बंद होत असल्याचें जाहीर केलें, आणि दोनच दिवसांनीं, ३ मे रोजीं, डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थांनीं पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक भागांत एक प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर प्रसिद्ध केला. बादलींत वही, पेन्सिल, कांहीं पुस्तकें, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक सीलबंद डबा होता. तीन दिवसांच्या आंत ती शेजारच्या वॉशिंग्टन संस्थानांतील एका गृहस्थानें शोधून काढली. त्याच वर्षीं २ सप्टेंबरास जेरेमी आयरिश यांनीं ह्या डब्यांची यादी ठेवणारें संकेतस्थळ सुरू केलें, तेव्हां यादींत पंचाहत्तर डबे होते. आज जगभर तीस लाखांहून अधिक आहेत. आद्य बादली आतां जागेवर नाहीं. तेथें २००३ सालीं बसविलेली स्मारकपाटी आहे, तिचें दर्शन गुरूंनीं आम्हांस करविलें. गंमत अशी, कीं जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीवांचून डबा जमीन खणून पुरण्यास आतां मनाई आहे, व वासानें जनावरें येतात म्हणून खाद्यपदार्थ ठेवण्यासहि मनाई आहे. म्हणजे हा आद्य डबा आजच्या नियमांत नापास झाला असता. आद्य पुरुषांचें बहुधा असेंच होतें.

ह्या खेळांत डबा लपविणारास मालक म्हणतात. मालकी म्हणजे येथें हक्क थोडा व काम फार. वही भिजली तर बदलावी, झांकण तडकलें तर नवा डबा न्यावा, डबा नाहींसा झाला तर दुसरा ठेवावा, शोधणारांच्या तक्रारींस उत्तर द्यावें, असा मालकाचा धर्म नियमांनीं सांगून ठेविला आहे. पहिलीं दोन वर्षें तो उत्साहानें पाळला जातो. पुढें मुलें मोठीं होतात, नोकरी दुसऱ्या गांवीं जाते, गुडघे कुरकुरूं लागतात, छंद बदलतो. क्वचित् मालकच हें जग सोडून जातो. डबा मात्र जेथल्या तेथें असतो. त्यास जातांना कोणीं कांहीं सांगितलेलें नसतें.

असा एक डबा आमच्या वांट्यास आला. चिरंजीवांनीं आयुष्यांत प्रथम शोधलेला डबा घरापासून चार-पांच मैलांवरच्या रानांत होता. २०१८ सालीं, वयाच्या सहाव्या वर्षीं, वडिलांच्या खांद्यावर बसून ते तेथें गेले होते व वहींत स्वतःच्या हातानें नांव घालून आले होते. तो दाखविल्याखेरीज काकांचें शिक्षण पुरें कसें व्हावें? जूनच्या पहिल्या रविवारीं आम्ही तिघे निघालों. तिकडच्या रानांत डग्लस फरचे सरळसोट वृक्ष, त्यांच्या पायथ्याशीं कमरेइतकें नेचें, आणि जेथें ऊन पडेल तेथें ब्लॅकबेरीच्या कांटेरी जाळ्या. ह्या जाळीस तेथें हिमालयाचें नांव आहे. वास्तविक तिचें मूळ आर्मेनियाकडचें. ल्यूथर बरबँक ह्या प्रसिद्ध उद्यानतज्ज्ञानें १८८५ च्या सुमारास ती अमेरिकेंत आणिली व हिमालयाच्या नांवानें विकली. पुढें ती बागांतून निसटली आणि तिनें सारा प्रदेश व्यापला. लावणारा विसरला तरी लावलेलें वाढत राहतें, हा पहिला धडा आम्हीं सदऱ्याच्या बाहीवर ओरखड्यांच्या रूपानें घेतला.

एका आडव्या पडलेल्या ओंडक्याच्या पोकळींत, सालींच्या ढलप्यांखालीं, डबा होता. चार बाजूंस खिट्या असलेला प्लॅस्टिकचा साधा डबा. पण दोन खिट्या तुटलेल्या, तिसरीस दोरी बांधलेली, आणि झांकणास चीर. त्या भागांत ऑक्टोबरपासून वसंत ऋतूपर्यंत पाऊस रिपरिपत असतो; अशा किती पावसाळ्यांचें पाणी त्या चिरेंतून आंत गेलें असेल! उघडतांच कुबट वास आला. वहीचा लगदा झाला होता. गंजलेलीं दोन नाणीं, फुगून उकललेला पत्त्यांचा जोड, एक प्लॅस्टिकचा डायनोसोर, एका पिशवींत कोणीसे मागाहून घातलेले सुटे कागद, त्या पिशवीवर दुसरी पिशवी, तिच्यांत आणखी कागद, तेहि ओलेच. चिरंजीव बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं डायनोसोर उचलला, पाटलोणीस पुसला आणि परत ठेविला. "हा मी ठेवला होता," ते म्हणाले.

घरीं येऊन आम्हीं त्या डब्याच्या नोंदी वाचल्या. शोधून आलेला प्रत्येकजण संकेतस्थळावर दोन ओळी लिहितो, व त्या तशाच राहतात. डबा २००९ सालीं ठेविलेला. मालकानें संकेतस्थळावर अखेरचें डोकावलें तें २०१४ सालीं. म्हणजे चिरंजीवांनीं प्रथम नांव घातलें तेव्हांच डबा चार वर्षें बेवारशी होता! त्यानंतरहि माणसें येतच होतीं, आणि त्यांच्या नोंदी वाचून आम्ही थक्क झालों. जागा सुंदर आहे. डब्याबद्दल आभार. वही जरा दमट, बाकी ठीक. एकानें नवे कागद ठेविल्याचें लिहिलें, दुसऱ्यानें पिशवी घातल्याचें, तिसऱ्यानें खिटीस दोरी बांधल्याचें. मालकानें लक्ष द्यावें अशी सूचना धाडण्याची सोय तेथेंच, बोटाच्या अंतरावर असते. दहा वर्षांत ती एकानेंहि वापरली नव्हती.

ह्याचें कारण आम्हांस कोणीं सांगावयास नको होतें. मराठींत त्यास भीड म्हणतात, आणि भीड ही भिकेची बहीण, असें आमच्या वाडवडिलांनीं सांगून ठेविलें आहे. दुसऱ्यानें हौसेनें ठेविलेल्या वस्तूस ती मोडली असें म्हणणें शिष्टाचारास सोडून वाटतें. शिवाय सूचना दिली आणि डबाच बंद झाला तर? त्यापेक्षां एक पिशवी घालावी, आभार मानावे व पुढच्या डब्याकडे जावें. ह्यांत कोणीहि दुष्ट नव्हता. सारींच माणसें सभ्य व दयाळू होतीं, आणि त्यांच्या दयेच्या थरांखालीं डबा कुजत होता.

दुसऱ्या दिवशीं चिरंजीवांनीं आपला बेत आम्हांस एकांतांत सांगितला. सैन्यांत काडतुसें ठेवावयाच्या लोखंडी पेट्या तिकडे जुन्या बाजारांत मिळतात. झांकणास आंतून रबराची कड असल्यामुळें त्यांत पाणी शिरत नाहीं. साठविलेल्या पैशांतून तशी एक पेटी घ्यावयाची, ती गुपचूप जुन्या जागीं ठेवावयाची, जुना डबा उचलावयाचा, आणि कोणास कांहीं सांगावयाचें नाहीं. "म्हणजे कॅश वाचेल ना, काका?" आम्हांस हा बेत फारच पसंत पडला. आम्ही जीर्णोद्धाराच्या देशांतले! काशीविश्वेश्वराचें देऊळ १७८० च्या सुमारास अहिल्याबाईंनीं पुनः उभें केलें, तें काय मूळ बांधणारास विचारून? आम्हीं चिरंजीवांस ही कथा सांगितली, आणि वर दहा डॉलर दिले.

रात्रीं जेवतांना बेत फुटला. बंधु ह्या खेळांत आमच्याहून सहा वर्षांनीं वडील असल्यामुळें त्यांनीं तो शांतपणें ऐकून घेतला. मालकाच्या संमतीवांचून त्याच्या जागीं आपला डबा टाकून येणें ह्यास, ते म्हणाले, ह्या मंडळींत हलकें काम समजतात. पुष्कळदां असें होतें, कीं शोधणारास डबा सांपडत नाहीं. तो गेलाच असें समजून तो दुसरा ठेवितो व शोधल्याची नोंद करून मोकळा होतो. मूळ डबा हातभर अंतरावर चांगला लपलेला असतो. मग एका जागीं दोन डबे, आणि दुसऱ्याचा धनी कोणीच नाहीं. "पण येथें तर मूळ डबा मोडलेला आम्हीं डोळ्यांनीं पाहिला," आम्ही म्हणालों. "आणि अहिल्याबाईंनीं—"

"दादा," बंधु म्हणाले, "अहिल्याबाईंनी देऊळ बांधलं तें स्वतःच्या नांवानं आणि स्वतःच्या जबाबदारीवर. हा आपली पेटी ठेवणार दुसऱ्याच्या नांवाखालीं. पुढं ती गंजली तर कोणी बघायचं? तो मालक येत नाहीं, आणि हा मालक नव्हे."

ह्यावर चिरंजीवांनीं दत्तकाचा मार्ग सुचविला. ह्या खेळांत डबा दत्तक घेतां येतो, हें खरें. जुन्या मालकाच्या नांवावरून तो नव्याच्या नांवावर चढतो. परंतु त्यास देणाऱ्याची संमति लागते. हें तर आमच्याकडच्यासारखेंच झालें. घेणाऱ्याची ओटी कितीहि पसरलेली असो, देणाऱ्यानें दिल्याखेरीज दत्तविधान होत नाहीं. आमच्या १९५६ च्या कायद्यानेंहि देणें आणि घेणें हींच मुख्य मानिलीं आहेत. चिरंजीवांनीं मालकास वसंतांत एकदां लिहिलें होतें. आतां आम्हीं दोघांनीं मिळून पुन्हां लिहिलें. दहा दिवस वाट पाहिली. उत्तर आलें नाहीं. तो मालक कोठें असेल, ह्यावर आमच्या घरांत रोज तर्क चालत. चिरंजीवांच्या मतें तो अलास्कांत मासे धरावयास गेला होता. आमच्या मनांत दुसरी शंका होती, ती आम्हीं बोलून दाखविली नाहीं.

मग एकच मार्ग राहिला. डबा मोडला आहे, मालक उत्तर देत नाहीं, असें परीक्षकास कळवावयाचें. हे परीक्षक पगारी नव्हेत. खेळांतलेच जाणते लोक स्वयंसेवक म्हणून हें काम करितात. परीक्षक डबा तात्पुरता बंद करितो, मालकास बहुधा महिन्याभराची मुदत देतो, आणि मुदतींत कांहींच हालचाल झाली नाहीं तर डबा दप्तरदाखल करितो. दप्तरदाखल झालेल्या डब्याच्या नोंदी कोणी पुसत नाहीं. त्या वाचावयास राहतात. परंतु डबा खेळांतून गेला तो गेला. १८४८ सालीं साताऱ्याचें दत्तक नामंजूर होऊन राज्य खालसा झालें, हें लहानपणापासून वाचीत आलेल्या आम्हांस ही मुदत व हें दप्तर मुळींच रुचलें नाहीं. चिरंजीवांच्या तर डोळ्यांत पाणी आलें. "म्हणजे मीच तिला मारायचं?" असें म्हणून ते पानावरून उठले.

त्या रात्रीं आम्हांस झोंप येईना. कारण हाच प्रश्न आम्हांस एकदां निराळ्या शब्दांत विचारला गेला होता, आणि आम्हीं उत्तर टाळलें होतें.

१९९६ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, आम्ही सह्याद्रीच्या पायथ्याशीं एका तालुक्याच्या गांवीं अधिव्याख्याते होतों. गांवांत धड वाचनालय नव्हतें. आम्हीं साठ-पासष्ट पुस्तकें एका लांकडी पेटींत भरून ती एस. टी. स्थानकासमोर एका शिंप्याच्या दुकानांत ठेविली. नियम एकच: एक पुस्तक न्यावें, वहींत नांव घालावें, जमल्यास एक ठेवावें. पेटीवर पांढऱ्या तेलरंगानें आमचें नांव, पदवीसह, रंगविलेलें. पांच वर्षें पेटी उत्तम चालली. २००१ सालीं आम्हांस पुण्यास नेमणूक मिळाली. जातांना त्या शिंपी गृहस्थांस आम्ही म्हणालों, "लक्ष ठेवा, येतोंच मी."

गेलों तो पंधरा वर्षांनीं, २०१६ सालीं, एका विद्यार्थ्याच्या लग्नाच्या निमित्तानें. गृहस्थांनीं आम्हांस रस्त्यावरून जातांना ओळखलें व हांक मारली. "सर, पेटी आहे हं." आणि खरेंच होती! अर्धी पुस्तकें वाळवीनें खाल्लेलीं. उरलेलीं ते दर पावसाळ्यानंतर उन्हांत घालीत व त्यांत कडुलिंबाचा पाला ठेवीत. वहींतली शेवटची नोंद सात वर्षांपूर्वींची. पेटीनें अडविलेल्या जागेमुळें दुकानांत गिऱ्हाइकाला बसावयास बांक ठेवतां येत नव्हता. "हायस्कूलवाले चांगलीं पुस्तकं मागत होते," ते म्हणाले, "पण पेटीवर नांव तुमचं. तुम्हांला विचारल्याशिवाय कशीं द्यायचीं?" म्हणजे त्यांनीं आम्हांस विचारलें. आम्हीं काय केलें? आमचें अंतःकरण भरून आलें. आम्हीं पेटीशेजारीं उभे राहून छायाचित्र काढविलें, त्यांचा हात हातांत घेतला, "पाहूं, कांहीं तरी करूं" असें म्हटलें, आणि पुण्याची गाडी पकडली.

हें सारें आम्हीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं चिरंजीवांस सांगितलें. मुलास धीर यावा म्हणून सांगावयास बसलों होतों; परंतु सांगतां सांगतां आमचाच धीर खचूं लागला. त्यांनीं लक्षपूर्वक ऐकलें. "मग तुम्ही परत गेलांत?" त्यांनीं विचारलें. आठ वर्षांत गेलों नव्हतों. "फोन?" तोहि नाहीं. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "म्हणजे काका, तुम्ही पण त्या ओनरसारखेच."

विद्यार्थ्यांनीं आजपर्यंत आमच्याविषयीं पुष्कळ कांहीं म्हटलें असेल. इतकें नेमकें कोणीं म्हटलें नव्हतें. आम्ही त्या अनोळखी मालकावर दहा दिवस मनांतून रागावलों होतों, आणि आमच्या स्वतःच्या पेटीची गोष्ट आम्हीं आजवर एक गोड आठवण म्हणून चारचौघांत सांगत आलों होतों. त्या गोष्टींत आमचें पुस्तकप्रेम होतें, शिंप्याची निष्ठा होती. त्याच्या दुकानांत नसलेला बांक मात्र आम्हांस कधीं दिसला नव्हता. छंद सुटतो, गांव सुटतें, माणसास पुढें जावें लागतें. ह्यांत दोष काढण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु आपण जातों आणि आपलें नांव मागें ठेवितों. तें नांव तेथें पहारा करीत बसतें. ज्यास ती वस्तु संभाळावीशी वाटते, त्याच्या हातांत तें तिला देत नाहीं, आणि ज्यास ती फेंकून द्यावीशी वाटते, त्यालाहि तें हात लावूं देत नाहीं. सारा भार पडतो तो जो भला असेल त्याच्यावर. जातांना दोनच शब्द बोलावे लागतात: हें आतां तुमचें, किंवा हें आतां संपलें. तेवढे बोलावयास आम्हांस जड गेलें, कारण ते बोलले म्हणजे आपण गेलों हें कबूल करावें लागतें.

त्या दिवशीं दुपारीं चिरंजीवांनीं सूचना लिहिली. आम्हीं फक्त शेजारीं बसलों. झांकणास चीर आहे, वही वाचतां येत नाहीं, मालकास दोनदां लिहिलें, उत्तर नाहीं. आणि शेवटीं, ही माझी पहिली कॅश होती. परीक्षकाचें उत्तर दोन दिवसांत आलें. त्यानें डबा तात्पुरता बंद केला, मालकास चार आठवड्यांची मुदत दिली, आणि कळविणाऱ्याचे आभार मानिले. ते चार आठवडे चिरंजीव रोज सकाळीं उठून मालकाचें कांहीं आलें का तें पाहत. आम्हीहि पाहत होतों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत डबा दप्तरदाखल झाला.

पुष्कळ ठिकाणीं गोष्ट येथेंच संपते आणि डबा रानांत कायमचा कचरा होऊन पडतो. यादींतून नांव गेल्यावर तिकडे कोणी फिरकत नाहीं, आणि प्लॅस्टिक तर कुजतां कुजत नाहीं. ह्या मंडळींनीं २००२ सालापासून डबे शोधतां शोधतां कचरा गोळा करून आणण्याची एक चांगली चाल पाडली आहे. तिला अनुसरून, परीक्षकास कळवून, आम्ही तिघे पुन्हां त्या ओंडक्यापाशीं गेलों. डबा, पिशव्या, दोरी, सालींत अडकलेल्या चिंध्या, सर्व उचललें. घरीं ओसरीवर वहीचीं पानें एकेक करून सोडविलीं. शाईनें लिहिलेलीं बहुतेक सारीं नांवें धुऊन गेलीं होतीं. निळे-जांभळे डाग तेवढे उरले होते. पण शिसपेन्सिलीचें पाण्यास विरघळत नाहीं. एका पानाच्या कोपऱ्यांत मोठ्या, वांकड्या, इंग्रजी अक्षरांत चिरंजीवांचें नांव होतें. त्यांतलें एक अक्षर उलटें. त्यांनीं तें पान वाळवून पुस्तकांत ठेविलें. डायनोसोर मेजावर आला. बाकीचें कचऱ्याच्या पिंपांत गेलें, आणि तें टाकतांना त्यांचा हात कांपला नाहीं.

लोखंडी पेटी ते लगेच त्या जागीं ठेवितील असें आम्हांस वाटलें होतें. जागा आतां मोकळी होती. दोन डब्यांत निदान १६१ मीटरांचें अंतर हवें असा नियम असल्यामुळें तो मोडका डबा होता तोंवर आसपास कोणासच नवा ठेवतां येत नव्हता. परंतु चिरंजीव म्हणाले, "सहा वर्षांनीं मी कॉलेजला जाईन. आधीं विचार करतों." बारा वर्षांच्या तोंडून हा विचार ऐकून आम्ही अठ्ठाविसाव्या वर्षींच्या स्वतःस मनांतल्या मनांत चार शब्द सुनावले. आम्ही परत आल्यावर ऑगस्टांत बंधूंचें पत्र आलें. चिरंजीवांचा विचार चालूच असतां, शेजारच्या वस्तींतल्या एका कुटुंबानें त्याच ओंडक्यापासून पन्नास पावलांवर नवा डबा ठेविला होता. बातमी कळतांच चिरंजीव सायकलवरून सुटले, आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर पहिलें नांव आमच्या गुरूंचें आहे.

आतां शिष्याविषयीं. पुण्यास येतांच आम्ही त्या शिंपी गृहस्थांस पत्र लिहावयास बसलों: पुस्तकांचें आपणांस योग्य वाटेल तें करावें. लिहून वाचलें, आणि फाडून टाकिलें. पिशवीवर आणखी एक पिशवी घालण्याचाच हा प्रकार झाला. सप्टेंबरांतल्या एका रविवारीं सकाळच्या गाडीनें आम्ही स्वतः गेलों. गृहस्थ थकले होते. यंत्रावर आतां त्यांचा मुलगा बसत होता. पेटी जेथल्या तेथें होती. दोघांनीं मिळून ती रस्त्यावर ओढली व पुस्तकें निवडलीं. तेवीस चांगलीं निघालीं, तीं मुलानें त्याच दिवशीं हायस्कुलांत पोंचविलीं. उरलेलीं रद्दींत गेलीं. गृहस्थ म्हणाले, "पेटी मला राहूं द्या, सर. कापडाचे तुकडे ठेवायला होईल." आम्हीं पॉलिशपेपर मागितला. त्यांस वाईट वाटलें. "नांव राहूं दे कीं," ते दोनदां म्हणाले.

तेलरंग जुना होता; निघतां निघतां अर्धा तास गेला. तेवढ्यांत मुलानें कोठूनसा एक बांक आणून मोकळ्या झालेल्या जागेंत लावला होता. हात धुऊन आम्ही त्यावर बसलों, आणि चहा घेतला.